फ्रँचायझी घेण्यापूर्वी : आपल्या तरुणांसाठी एक अभ्यास

आपल्या वाडीतला मुलगा बारावी झाला की पूर्वी एकच प्रश्न विचारला जाई, "मुंबईला कोणाकडे चिकटवता येईल काय?" गिरणी, गोदी, महानगरपालिका, बेस्ट यांपैकी कोठे तरी त्याची सोय लागे आणि त्याच्या मनीऑर्डरवर गावचे घर चाले. ते दिवस गेले. आज आमच्या संघाच्या बैठकीत तरुण वेगळाच प्रश्न घेऊन येतात. "अमक्या कंपनीची फ्रँचायझी देवगडात मिळते आहे. घेऊ काय?" कोणी चहाची म्हणतो, कोणी केकची, कोणी संगणक वर्गाची, तर कोणी कुरिअरची.

नोकरी मागणारा हात नोकरी देणारा व्हावा, असे आम्हालाही वाटते. त्यामुळे या प्रश्नाने आनंदच होतो. परंतु त्या मागोमाग येणारे दुसरे वाक्य ऐकले की काळजी वाटते. "बाबांच्या फंडाचे पैसे आलेत, त्यातून भरू." तीस-पस्तीस वर्षे मुंबईत राबून बापाने मिळविलेली ग्रॅच्युइटी ही त्या घराची एकमेव पुंजी असते. ती एकदा बुडाली की पुन्हा उभी राहत नाही. म्हणून या विषयाचा एक धडा विद्यार्थी व सभासद यांच्यापुढे ठेवावा, असे आम्ही ठरविले.

फ्रँचायझी म्हणजे काय?

देवगडच्या माणसाला नावाची किंमत सांगावी लागत नाही. आपल्या हापूसचे नाव लावून परप्रांतातला आंबा विकला जातो, ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे. कोकणातील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते या नावाच्या रक्षणासाठीच. आंबा तोच, पेटी तीच, पण पेटीवर 'देवगड' असले की भाव वाढतो. हा वाढलेला भाव म्हणजेच नावाची किंमत होय.

फ्रँचायझीत असेच एखादे नाव आपण भाड्याने घेतो. कंपनी आपल्याला तिची पाटी, तिची पद्धत, तिचा माल व शिकवण देते. त्या बदल्यात आपण सुरुवातीला एक रक्कम भरतो, तिला फ्रँचायझी फी म्हणतात. पुढे दरमहा विक्रीवर काही टक्के द्यावे लागतात, त्याला रॉयल्टी म्हणतात. दुकानाचे भाडे, फर्निचर, यंत्रे, नोकर, वीज हा सारा खर्च बहुधा आपलाच असतो. दुकान चालले तर दोघांचा फायदा होतो. बुडाले तर मात्र कंपनीची फी तिच्या खिशात असते आणि नुकसान आपल्या घरी येते. हा फरक प्रत्येकाने मनात पक्का ठेवावा.

या पद्धतीने चांगले व्यवसाय उभे राहिले आहेत, हेही सांगितले पाहिजे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची अधिकृत केंद्रे महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत तरुणांनी चालविली. मुंबईचा साधा वडापाव घेऊन मालाडमध्ये २००१ साली जम्बोकिंग आणि कल्याणमध्ये २००४ साली गोली ही नावे उभी राहिली व फ्रँचायझीच्या मार्गाने पसरली. तेव्हा पद्धत वाईट नाही. न तपासता पैसे भरणे वाईट आहे.

धम्म काय सांगतो?

काही बंधू विचारतील, व्यापाराच्या विषयात धम्माचे काय काम? आमच्या मते फार मोठे काम आहे. केसपुत्त गावच्या कालामांनी भगवान बुद्धांना विचारले होते की, अनेक उपदेशक येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणावर विश्वास ठेवावा? तेव्हा बुद्धांनी त्यांना ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा सांगणाऱ्याच्या मोठेपणावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असाच मार्ग दाखविला. आज आपल्या दारी येणारे एजंटही प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतात. कालाम सुत्त त्यांनाही लागू आहे.

जातककथांतील अगदी पहिली कथा, अपण्णक जातक, तर जणू या विषयासाठीच सांगितली आहे. दोन व्यापारी तांडे घेऊन निर्जल वाळवंटातून निघाले. वाटेत ओले कपडे आणि कमळांच्या माळा घातलेली मंडळी भेटली. ती म्हणाली, "पुढे भरपूर पाऊस आहे, पाण्याचे हे ओझे कशाला वाहता? ओतून टाका." पहिल्या व्यापाऱ्याने पाणी ओतले व सारा तांडा नाश पावला. दुसऱ्याने मात्र आपल्या माणसांना विचारले, पावसाचा वारा कोणाला लागला काय? ढग दिसला काय? वीज चमकली, गडगडाट ऐकू आला काय? सर्वांनी नाही म्हटले. त्याने एक थेंबही सांडू दिला नाही आणि तो सुखरूप पार झाला. ओले कपडे म्हणजे आजची चकचकीत माहितीपत्रिका समजावी. वडिलांचा फंड हे आपले पाणी आहे.

सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायासाठी आणि चौथा भाग आपत्काळासाठी राखून ठेवावा. म्हणजे व्यवसायात घालायची सीमा बुद्धांनी निम्म्यावर ठेवली. घरातील सर्व पुंजी एका पाटीमागे लावणे हे या शिकवणीच्या विरुद्ध आहे. तसेच शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, हेही सांगितलेले आहे. म्हणून कोणती फ्रँचायझी घ्यावी याचा पहिला विचार सम्यक आजीविकेपासून सुरू होतो.

कायद्याचे संरक्षण किती?

अमेरिकेत १९७९ सालापासून फ्रँचायझीबाबत देशव्यापी नियम लागू आहे. करारावर सही होण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान चौदा दिवस आधी कंपनीने एक सविस्तर माहितीपत्र ग्राहकाच्या हाती द्यावे लागते. त्यात कंपनीवरील खटले, सर्व खर्च, चालू दुकानांची आणि सोडून गेलेल्या दुकानदारांची यादी असते. आपल्या देशात असा स्वतंत्र फ्रँचायझी कायदा नाही. १८७२ चा करार कायदा, १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा अशा सर्वसाधारण कायद्यांवरच भागवावे लागते. याचा अर्थ असा की, जी माहिती तेथे कंपनीला कायद्याने द्यावी लागते, ती येथे आपणच मागितली पाहिजे. मागूनही जो देत नाही, त्याचे उत्तर आपल्याला मिळाले असे समजावे.

सही केलेला कागद किती बांधतो, याचे एक उदाहरण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. गुजरात बॉटलिंग कंपनी विरुद्ध कोकाकोला हा खटला मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला व १९९५ साली त्याचा निकाल लागला. फ्रँचायझी करार चालू असताना प्रतिस्पर्ध्याचा माल करणार नाही ही अट व्यापारावरील बेकायदा बंधन ठरत नाही, असे न्यायालयाने मानले. एवढ्या मोठ्या कंपनीला जी अट टाळता आली नाही, ती आपल्या मुलाला "सहीपुरती आहे हो" असे सांगून एजंट पुढे सरकवितो!

शोध कसा घ्यावा?

पहिली पायरी कागदांची. कंपनीचे नाव केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधावे. ती कधी नोंदली गेली, संचालक कोण, हे तेथे कळते. कंपनी एक वर्षाची आणि जाहिरात वीस वर्षांच्या अनुभवाची, असे आढळल्यास सावध व्हावे. नंतर व्यापारचिन्ह तपासावे. नुसता अर्ज केलेले चिन्ह आणि नोंदणी झालेले चिन्ह यांत फरक आहे. जे नाव कंपनीचेच झालेले नाही, ते ती आपल्याला भाड्याने कसे देणार? जीएसटी क्रमांक आणि खाद्यपदार्थ असल्यास एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांकही पडताळून पाहावा. न्यायालयीन खटल्यांची माहितीही आता संगणकावर मिळते. आपल्या मुलांना हे सारे मोबाईलवर एका संध्याकाळी करता येईल.

दुसरी पायरी माणसांची. कंपनीने दाखविलेली दोन चांगली दुकाने पाहून भुलू नये. सर्व दुकानांची यादी मागावी आणि आपणच निवडून निदान पाच जणांना भेटावे. बंद पडलेल्या दुकानाचा मालक सापडला तर तो सर्वांत मोठा गुरू समजावा. त्याला विचारावे : सांगितलेला खर्च आणि झालेला खर्च यांत किती अंतर पडले? माल वेळेवर येई काय? बाजारभावापेक्षा महाग पडे काय? अनामत परत मिळाली काय? आज पुन्हा घ्याल काय?

तिसरी पायरी आपल्या बाजारपेठेची. पुण्या-मुंबईत बसून केलेला हिशेब देवगडास लागू पडत नाही. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली, म्हणजे वाढण्याऐवजी घटली. आपली बाजारपेठ हंगामी आहे. आंब्याच्या दिवसांत आणि मे महिन्यात चाकरमानी व पर्यटक येतात, तेव्हा बाजार फुलतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पावसात वीज जाते, रस्ता ओस पडतो. गणपतीत पुन्हा आठ-पंधरा दिवस गर्दी होते. मालाची गाडी महामार्ग सोडून नांदगाव तिठ्यावरून आत यायची तर वाहतूक खर्च कोणाचा आणि थंड माल वाटेत खराब झाला तर जबाबदारी कोणाची, हे आधीच विचारावे लागते.

हिशेबाचा धडा

समजा, जामसंड्यात चहा-नाश्त्याच्या एका दुकानाची फ्रँचायझी घ्यावयाची आहे. (हे आकडे शिकण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही कंपनीचे नाहीत.) फी २,००,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६,०००, अनामत १,००,०००, फर्निचर व यंत्रे ४,५०,०००, पहिला माल ५०,०००. एकूण ८,३६,००० रुपये झाले. त्यांपैकी ५ लाख बँकेचे कर्ज, पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी. हप्ता दरमहा सुमारे १०,८७० रुपये पडेल.

एजंट म्हणतो, रोज ८,००० ची विक्री होईल. महिन्याचे २,४०,०००. त्यातून ५५ टक्के मालाचा खर्च १,३२,००० आणि ५ टक्के रॉयल्टी १२,००० वजा केली. मग भाडे १२,०००, दोन नोकर २४,०००, वीज ८,०००, किरकोळ ४,०००, असे ४८,००० वजा केले. शिल्लक राहिले ४८,००० रुपये. दीड वर्षात भांडवल वसूल! माहितीपत्रिका येथे संपते.

आता आपल्या बाजारपेठेचा हिशेब करू. वर्षातील चार महिने ८,००० ची विक्री झाली, उरलेले आठ महिने ३,५०० ची. मंदीच्या महिन्यात विक्री १,०५,००० होते. मालाचा खर्च ५७,७५० आणि रॉयल्टी ५,२५० गेल्यावर ४२,००० उरतात. पण भाडे, पगार, वीज हा ४८,००० चा खर्च थांबत नाही. म्हणजे दरमहा ६,००० तोटा. वर्षाची बेरीज अशी : चार महिन्यांचा नफा १,९२,०००, आठ महिन्यांचा तोटा ४८,०००, निव्वळ १,४४,०००. बँकेचे हप्ते सुमारे १,३०,५००. हाती उरले साडेतेरा हजार, म्हणजे महिन्याला सुमारे ११०० रुपये. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत उभ्या राहिलेल्या मुलाची ही मिळकत!

म्हणून प्रत्येकाने एक आकडा काढून ठेवावा. वरील दुकानात शंभराच्या विक्रीतून माल व रॉयल्टी गेल्यावर ४० रुपये उरतात. ४८,००० चा स्थिर खर्च भागविण्यासाठी महिन्याला १,२०,००० ची, म्हणजे रोज ४,००० ची विक्री लागते. हप्ता धरला तर रोज सुमारे ४,९००. एवढी विक्री आपल्या नाक्यावर ऑगस्ट महिन्यात होते काय? हे एजंटला विचारू नये, ऑगस्ट महिन्यात नाक्यावर वही घेऊन उभे राहावे.

आमचा एक अनुभव

काही काळापूर्वी आमच्या एका सभासदाचा मुलगा असाच प्रस्ताव घेऊन आला. तीन दिवसांत बुकिंगचे पैसे भरले नाहीत तर तालुका दुसऱ्याला जाईल, असे त्याला सांगण्यात आले होते. आम्ही त्याला आठ दिवस थांबण्याची विनंती केली. अभ्यास वर्गातील मुलांनी यादीतील बारा दुकानांना दूरध्वनी केले. चार बंद होती, दोन उघडलीच नव्हती. दोघांनी देवगड व कणकवली येथील तशाच दुकानांसमोर बसून गिऱ्हाईक मोजले. आठ दिवसांनंतरही तालुका दुसऱ्याला गेलेला नव्हता, उलट फीमध्ये सवलत देऊ केली गेली!

बैठकीत तो मुलगा जे बोलला ते आम्ही विसरलेलो नाही. तो म्हणाला, "पाटीवर कंपनीचे नाव असले तर माझे आडनाव कोणी विचारणार नाही, म्हणून मला ती हवी होती." सारे गप्प झाले. परमपूज्य बाबासाहेब परदेशात शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत शेअर व्यवहाराचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले व तो बंद करावा लागला. तेव्हा त्या मुलाच्या मनातले दुःख खोटे नव्हते. परंतु आमच्यातील एका ज्येष्ठ भगिनीने त्याला सांगितले, "बाळा, नाव झाकण्यासाठी आठ लाख देऊ नकोस. तेवढ्यात आपले नाव मोठे करता येते." पुढे त्याने पैसे कोठेच न भरता प्रथम कणकवलीतील एका दुकानात सहा महिने नोकरी करून धंदा शिकून घेतला. ज्या प्रकारची फ्रँचायझी घ्यायची, त्या प्रकारच्या दुकानात आधी काम करणे यासारखा अभ्यास नाही.

फसवणुकीची लक्षणे

नामांकित कंपन्यांच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून फी उकळण्याचे प्रकार देशभर घडले आहेत. पेट्रोल पंप व गॅस एजन्सीच्या नावानेही असे होते. पेट्रोल पंपांच्या वाटपात अनुसूचित जाती-जमातींसाठी २२.५ टक्के आरक्षण आहे आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला, त्यामुळे आपल्या तरुणांकडे असे लोक हेरून येतात. तेल कंपन्यांची निवड जाहिरात व ठरलेल्या पद्धतीनेच होते, दूरध्वनीवर पैसे भरून नव्हे. "नाव तुमचे, पैसा आमचा" म्हणणारा धनिक आला तर त्यालाही दारातूनच परत पाठवावे. अडचण आली की कागदावरचे नावच तुरुंगाच्या वाटेवर असते.

'माल आम्ही देऊ, उत्पादन आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ' ही भाषाही ओळखून ठेवावी. २०१९ साली सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून चाललेली कडकनाथ कोंबडीपालनाची योजना अशीच कोसळली आणि अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे पैसे अडकले. जेथे उत्पन्न माल विकून नव्हे तर नवीन माणसे जोडून मिळते, ती तर फ्रँचायझीच नव्हे. पैसे नेहमी कंपनीच्या नावाच्या बँक खात्यातच भरावेत, व्यक्तीच्या खात्यात कधीही नाही. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर व पोलीस ठाण्यात तक्रार करावी. पहिल्या काही तासांतच रक्कम अडविण्याची शक्यता अधिक असते.

सही करण्यापूर्वी

कराराचा मसुदा घरी आणावा, मराठीत समजून घ्यावा आणि वकिलाला दाखवावा. वकिलाची फी फ्रँचायझी फीच्या मानाने किरकोळ असते. पुढील गोष्टी विशेष पाहाव्यात. मुदत किती व नूतनीकरणास पुन्हा फी आहे काय? आपल्या हद्दीत कंपनी दुसरे दुकान देणार नाही असे लिहिले आहे काय? विक्री होवो न होवो, किमान रॉयल्टी किंवा किमान खरेदी बंधनकारक आहे काय? अनामत किती दिवसांत परत मिळेल? मध्येच सोडल्यास दंड किती? वाद झाल्यास न्यायालय वा लवाद कोठे? दिल्लीचे न्यायालय लिहिले असेल तर एका तारखेला जाण्या-येण्यातच महिन्याची कमाई जाईल. तोंडी दिलेले प्रत्येक आश्वासन कागदावर मागावे. कर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्र, महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आणि आपली बँक येथे स्वतः जाऊन चालू योजनांची चौकशी करावी, एजंटमार्फत नव्हे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वरील उदाहरणात नोकर एकच ठेवून मालकाने स्वतः काम केले, तर वर्षअखेर काय उरेल? ती रक्कम नफा म्हणावी की त्याची मजुरी?

२. रॉयल्टी ५ ऐवजी ८ टक्के झाली तर रोजची किमान विक्री किती लागेल?

३. आपल्या गावात नावाजलेली पण कोणतीही फ्रँचायझी न घेतलेली पाच दुकाने कोणती? ती का चालतात?

४. आपल्या घरातील पुंजीचे सिगालोवाद सुत्ताप्रमाणे चार भाग केले तर व्यवसायासाठी किती रक्कम येते?

बंधू-भगिनींनो, आम्ही कोणाला धंद्यापासून परावृत्त करण्यासाठी हे लिहिलेले नाही. सर्व तपासून, हिशेब मांडून, आपत्काळाचा भाग बाजूला ठेवून जो तरुण पाटी लावील, त्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला सारा संघ येईल. फक्त पैसे भरण्यापूर्वी एकदा संघाच्या बैठकीत यावे, एवढीच विनंती. चार डोकी, एक वही आणि आठ दिवसांचा धीर यांना काही फी लागत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!